अर्जेंटिनातील वृत्तपत्रस्वातंत्र्य

अर्जेंटिनाच्या १८५३ च्या संविधानाने पूर्व-अभ्यवेक्षणाविना आपले विचार छापून प्रसिद्ध करण्याचा हक्क रहिवाशांना दिला. तथापि अभ्यवेक्षक न नेमताही वृत्तपत्रे निष्प्रभ करता येतात, हे तेथील इतिहासावरून दिसून येते. हुआन पेरॉन यांच्या पहिल्या राजवटीत (१९४६–५५) वृत्तपत्री कागदाचे वाटप शासनाच्या हाती होते. विरोधी भूमिका घेणारे ब्वेनस एअरीझचे ला प्रेन्सा (स्थापना १८६९) हे दैनिक १९५१ मध्ये कायदा करून ताब्यात घेण्यात आले व कामगार महासंघाकडे सोपविण्यात आले. मालकांना ते पेरॉन यांच्या पतनानंतरच परत मिळाले.

१९७६ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या लष्कराने नागरी स्वातंत्र्यच संपुष्टात आणले. लष्करी शासनाला खुले पत्र लिहिणारे पत्रकार रोदोल्फो वॉल्श यांच्यावर २५ मार्च १९७७ रोजी नौदलाच्या पथकाने गोळ्या झाडल्या; त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही. लोकशाहीच्या पुनःस्थापनेनंतर (१९८३) चौकशी आयोगाने ८,९६० व्यक्ती बेपत्ता असल्याचे नोंदविले. त्यांत अनेक पत्रकार होते. शासकीय अधिकाऱ्याचा अवमान हा गुन्हा १९९३ मध्ये रद्द झाला. २००९ मध्ये सार्वजनिक हिताच्या विषयांवरील लेखन अब्रुनुकसानीच्या फौजदारी कायद्यातून वगळण्यात आले. कागद, मालमत्ता व लेखकाचा जीव यांना कायद्याचे संरक्षण नसेल, तर अभ्यवेक्षणास केलेली संविधानात्मक मनाई अपुरी ठरते.