विधिशिक्षण

विधिशिक्षण : विधीची तत्त्वे, त्यांचे मूलस्रोत, न्यायालयीन व्यवहार आणि विधीचा समाजाशी असणारा संबंध यांचे पद्धतशीर अध्ययन व अध्यापन. व्यवसायासाठी विधिज्ञ तयार करणे आणि ज्ञानशाखा म्हणून विधीचा अभ्यास करणे, अशी दोन उद्दिष्टे त्यात एकत्र नांदतात. पहिले उद्दिष्ट वकिलीच्या व्यवसायातून आले, तर दुसरे विद्यापीठीय परंपरेतून. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा आधुनिक विधिशिक्षणाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

यूरोप व इंग्लंड : यूरोपातील विद्यापीठीय विधिशिक्षणाचा आरंभ इटलीतील बोलोन्या येथे अकराव्या शतकाच्या अखेरीस झाला. इर्नेरिअस व त्याच्या परंपरेतील भाष्यकारांनी जस्टिनियनच्या सहाव्या शतकातील विधिसंग्रहाचे विवरण सुरू केले. तेथे यूरोपच्या विविध भागांतून विद्यार्थी येत व रोमन विधीचे ज्ञान घेऊन मायदेशी परतत. त्यामुळे यूरोप खंडात विधी हा प्रथमपासून विद्यापीठाचा विषय ठरला. इंग्लंडमध्ये मात्र वेगळी वाट पडली. तेथील रूढिजन्य विधी न्यायालयांच्या निर्णयांतून वाढत गेला आणि त्याचे शिक्षण लंडनमधील ‘इन्स ऑफ कोर्ट’ या वकिलांच्या संस्थांतून मिळे. ज्येष्ठांच्या सहवासात राहणे, न्यायालयात बसून कामकाज ऐकणे व अभिरूप खटल्यांत भाग घेणे हे त्या शिक्षणाचे स्वरूप होते. सतराव्या शतकातील यादवी युद्धानंतर ही शिक्षणव्यवस्था ढासळली. ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्लिश विधीचे पहिले अध्यासन १७५८ मध्ये निर्माण झाले व त्यावर विल्यम ब्लॅकस्टोन याची नेमणूक झाली. त्याच्या व्याख्यानांतून सिद्ध झालेला चार खंडांचा भाष्यग्रंथ (१७६५–६९) इंग्लंडप्रमाणेच अमेरिकेतही विधीच्या विद्यार्थ्यांचा आधारग्रंथ ठरला. तथापि बॅरिस्टर होण्यासाठी सक्तीची परीक्षा इंग्लंडमध्ये १८७२ मध्येच सुरू झाली.

अमेरिकेतील विधिविद्यालये : आजच्या विधिविद्यालयाचा नमुना प्रामुख्याने अमेरिकेत घडला. प्रारंभी तेथेही वकिलाच्या कार्यालयात उमेदवारी करूनच विधी शिकत असत. कनेक्टिकटमधील लिचफील्ड येथे टॅपिंग रीव्ह याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चालविलेले खाजगी विद्यालय १८३३ पर्यंत टिकले. हार्व्हर्ड येथील विधिविद्यालय १८१७ मध्ये स्थापन झाले. १८७० मध्ये क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हा तेथील अधिष्ठाता झाला व त्याने अध्यापनाची दिशाच बदलली. विधी हे एक शास्त्र असून न्यायनिर्णय ही त्याची मूळ सामग्री होय, अशी त्याची भूमिका होती. त्यानुसार संविदाविधीवरील निवडक निर्णयांचा संग्रह त्याने १८७१ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी निर्णय आधी वाचून यावेत आणि अध्यापकाने व्याख्यान देण्याऐवजी प्रश्न विचारून त्यांतील तत्त्वे त्यांच्याकडूनच काढून घ्यावीत, ही निर्णयाभ्यासपद्धती रूढ झाली. वकिली व्यवसायाचा अनुभव नसलेल्या जेम्स बार एम्स याची १८७३ मध्ये अध्यापकपदी झालेली नेमणूक ही तितकीच महत्त्वाची घटना होय. तीमुळे विधीचा पूर्णवेळ अध्यापक व संशोधक हा स्वतंत्र वर्ग उदयास आला. हार्व्हर्ड येथील विद्यार्थ्यांनी संपादित केलेले विधिविषयक नियतकालिक १८८७ मध्ये निघाले व पुढे अन्य विद्यालयांनी त्याचे अनुकरण केले.

या पद्धतीवर आक्षेपही लवकरच घेतले गेले. विधीचे जीवन तर्कापेक्षा अनुभवावर अधिक उभे असते, असे ऑलिव्हर वेंडेल होम्स याने १८८१ मध्ये प्रतिपादन केले. १९३० च्या सुमारास वास्तववादी विचारवंतांनी हा आक्षेप शिक्षणापर्यंत नेला. अपील न्यायालयांचे छापील निर्णय वाचून साक्षीदार, पक्षकार वा कनिष्ठ न्यायालयातील प्रत्यक्ष व्यवहार यांचे ज्ञान होत नाही, असे जेरोम फ्रँक याचे म्हणणे होते. वैद्यकाचा विद्यार्थी जसा रुग्णालयात शिकतो, तसा विधीचा विद्यार्थी पक्षकारांची प्रकरणे हाताळून शिकला पाहिजे, ही कल्पना त्याने १९३३ मध्ये मांडली. १९६० नंतर गरिबांना विधिसाहाय्य देणाऱ्या केंद्रांच्या रूपाने ती अमेरिकेतील विद्यालयांत व्यापक प्रमाणावर उतरली. याच काळात अर्थशास्त्र, समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या साहाय्याने विधीची चिकित्सा करणारे संशोधन वाढले.

भारत – एकोणिसावे शतक : प्राचीन व मध्ययुगीन भारतात व्यवहार म्हणजे न्यायदानविषयक नियम हा धर्मशास्त्राचाच एक भाग होता आणि त्याचे अध्ययन पाठशाळांत होई. ब्रिटिश अमदानीच्या आरंभी न्यायालयांना हिंदू विधी सांगण्यासाठी शास्त्री, तर मुस्लिम विधी सांगण्यासाठी काझी व मौलवी नेमलेले असत. मुंबई इलाख्यातील शास्त्र्यांनी न्यायालयांना दिलेल्या उत्तरांवर आधारलेला वेस्ट व ब्यूलर यांचा संग्रह १८६७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. मात्र त्यापूर्वीच, १८६४ मध्ये, ही पदे रद्द करण्यात आली होती. त्यानंतर मिताक्षरा व व्यवहारमयूख यांसारख्या ग्रंथांचा आशय इंग्रजी भाषांतरे, पाठ्यपुस्तके व न्यायनिर्णय यांच्याद्वारेच न्यायालयात पोहोचू लागला. पारंपरिक पंडित आणि आधुनिक वकील यांच्यातील दुवा त्यामुळे तुटला.

आधुनिक पद्धतीचे विधिशिक्षण १८५५ च्या सुमारास सुरू झाले. मुंबईत सर अर्स्किन पेरी यांच्या नावाचे न्यायशास्त्राचे अध्यासन निर्माण होऊन एल्फिन्स्टन संस्थेत विधीचे वर्ग भरू लागले. आजचे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय यांतूनच वाढले. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाल्यावर विधीची पदवी देण्यास प्रारंभ झाला. दंड संहिता (१८६०), संविदा अधिनियम व पुरावा अधिनियम (दोन्ही १८७२) यांसारख्या संहितांमुळे अभ्यासाला निश्चित पाठ मिळाला. परंतु वर्ग बहुधा सकाळी वा सायंकाळी भरत, अध्यापक व्यवसाय सांभाळून शिकवीत आणि विद्यार्थीही नोकरी करून शिकत. विधिशिक्षण हे पदवीनंतरचे जोडकाम, हा समज तेव्हापासून रुजला. महाविद्यालयांखेरीज खाजगी वर्गही चालत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर लोकमान्य टिळकांनी पुण्यात असा वर्ग काही काळ चालविला होता.

या व्यवस्थेतही उच्च प्रतीचे ग्रंथलेखन झाले. प्रसन्नकुमार टागोर यांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात टागोर विधी व्याख्यानमाला सुरू झाली आणि तीतून अनेक प्रमाणग्रंथ निर्माण झाले. मुंबईत अध्यापन केलेले दिनशा मुल्ला यांचे हिंदू विधी व दिवाणी प्रक्रिया संहिता यांवरील ग्रंथ आजही वापरात आहेत. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृती यांचे संपादन व भाषांतर केले (१८८०). शासकीय विधी महाविद्यालयात काही काळ प्राध्यापक असलेले पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला (१९३०–६२). निर्णयवृत्तांच्या प्रकाशनातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईहून बॉम्बे लॉ रिपोर्टर (१८९९) व नागपूरहून ऑल इंडिया रिपोर्टर ही वृत्तमाला निघाली. पुण्यात जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांच्या पुढाकाराने इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले व तेच त्याचे पहिले प्राचार्य झाले. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ ते १९३८ या काळात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी भूषविले.

विधीची पदवी मिळूनही व्यवसायाचे दार सर्वांना खुले नव्हते. नासिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची विधीची परीक्षा दिली व १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची विधीची पदवी संपादन केली. तथापि वकील म्हणून त्यांना रीतसर मान्यता मिळाली नाही. १९१६ मध्ये कलकत्ता व १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने स्त्रियांचे अर्ज फेटाळले. अखेर १९२३ च्या अधिनियमाने केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून वकिलीस बंदी करता येणार नाही, असे ठरविले.

स्वातंत्र्योत्तर काळ : विधिशिक्षणाच्या दुर्बल स्थितीकडे विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) लक्ष वेधले. मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात अपुऱ्या साधनांवर चालणाऱ्या महाविद्यालयांवर कडक टीका केली. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये स्थापन झालेल्या भारतीय विधिज्ञ परिषदेकडे विधिशिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम आले. पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यानंतर रूढ झाला. दिल्लीत १९५६ मध्ये भारतीय विधी संस्था स्थापन होऊन संशोधनास स्वतंत्र व्यासपीठ मिळाले. दिल्ली विद्यापीठाने पूर्णवेळ वर्ग व निर्णयाभ्यासपद्धती यांचा अवलंब केला.

विधिविद्यालयातील विचार न्यायालयापर्यंत व लोकजीवनापर्यंत पोहोचू शकतो, याची दोन उदाहरणे लक्षणीय आहेत. जर्मन विधिज्ञ डीट्रिख कॉनराड याने १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संविधानदुरुस्तीच्या अंगभूत मर्यादांविषयी व्याख्यान दिले. गोलकनाथ खटल्यात (१९६७) एम. के. नंबियार यांनी तो युक्तिवाद मांडला. न्यायालयाने तो प्रश्न तेव्हा अनिर्णीत ठेवला. परंतु केशवानंद भारती खटल्यात (१९७३) संविधानाच्या मूलभूत संरचनेचा सिद्धांत प्रस्थापित झाला. दुसरे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांची निर्दोष मुक्तता केली (तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८). अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती होती, या अनुमानाचा प्रतिवाद करणारे खुले पत्र उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या चार विधिअध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांस लिहिले. निर्णय बदलला नाही. परंतु त्यातून देशव्यापी चळवळ उभी राहिली. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या गुन्ह्यात, संमती नव्हती असे पीडितेने सांगितल्यास तसे गृहीत धरण्याची तरतूद पुरावा अधिनियमात आली.

राष्ट्रीय विधिविद्यापीठे : बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम १९८० नंतर पुढे आला. कर्नाटक विधिमंडळाच्या १९८६ च्या अधिनियमानुसार बंगलोर येथे राष्ट्रीय विधिविद्यालय स्थापन झाले. एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९८८ मध्ये पहिला वर्ग सुरू झाला. सामाजिक शास्त्रांची जोड, निवासी व पूर्णवेळ शिक्षण, अभिरूप न्यायालये व विधिसाहाय्य ही त्याची वैशिष्ट्ये होत. इतर राज्यांनी हा नमुना स्वीकारला. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे अशी विद्यापीठे निघाली. सामायिक प्रवेशपरीक्षा २००८ पासून, तर पदवीनंतर वकिली करण्यासाठी आवश्यक अशी अखिल भारतीय परीक्षा २०११ पासून घेतली जाते. ही परीक्षा घेण्याचा विधिज्ञ परिषदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या संविधानपीठाने २०२३ मध्ये मान्य केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व तिच्यासोबतचे दोन अधिनियम अंमलात आले. त्यामुळे दंडविधी, दंडप्रक्रिया व पुरावा या तिन्ही विषयांच्या पाठ्यक्रमाची फेरमांडणी करावी लागली.

मूल्यमापन : राष्ट्रीय विधिविद्यापीठांनी अध्यापनाचा दर्जा उंचावला, यात शंका नाही. तथापि त्यांतील शुल्क सामान्य कुटुंबांस जड वाटणारे आहे, प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून होते आणि अनेक पदवीधर मोठ्या शहरांतील व्यापारी विधिसंस्थांकडे वळतात. देशातील बहुसंख्य वकील अद्याप जिल्ह्याजिल्ह्यांतील सामान्य महाविद्यालयांतून तयार होतात. महाराष्ट्रात हा प्रश्न भाषेशीही निगडित आहे. १९९८ च्या अधिसूचनेनुसार दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. उलट संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज सामान्यतः इंग्रजीत चालते. प्रमाणग्रंथ व निर्णयवृत्ते मुख्यतः इंग्रजीत असल्याने तालुक्याच्या न्यायालयात मराठीत युक्तिवाद करणाऱ्या तरुण वकिलास विधीचे ज्ञान एका भाषेत मिळवावे लागते व ते दुसऱ्या भाषेत वापरावे लागते. पक्षकाराला तर स्वतःच्या खटल्याचा अंतिम निर्णय वाचण्यासाठीही दुसऱ्यावर विसंबावे लागते. १८६४ मध्ये तुटलेला दुवा या अर्थाने अजून पूर्णपणे सांधला गेलेला नाही. मराठीत विधिविषयक मूलगामी ग्रंथ निर्माण होणे आणि सामान्य महाविद्यालयांना पूर्णवेळ अध्यापक, समृद्ध ग्रंथालय व कार्यक्षम विधिसाहाय्य केंद्र लाभणे, यांवर पुढील प्रगती मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.