शिवनाथची रेती

भिलाईला समुद्र नाही. मुंबईची आत्तेभावंडं मे महिन्यात आमच्याकडे आली की चौपाटीच्या गोष्टी सांगायची. मी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "उद्या शिवनाथला चला." दुर्गच्या पलीकडे नदीचं पात्र उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त उघडं पडायचं. पांढरी, पायाला चटके देणारी रेती, मधून गुडघाभर पाणी, आणि रेतीत केवटांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, बाड्या. काकडी, खरबूज, आणि ज्याला आम्ही टरबूज म्हणायचो आणि ते कलिंदर म्हणायचे, ते. संध्याकाळी रेती निवली की दुर्ग-भिलाईची माणसं तिथे येऊन बसत. कोणी तिकीट मागत नसे. त्या रेतीचा सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. आषाढात नदी ती परत घ्यायची आणि पावसाळा ओसरला की पुन्हा मोकळी करायची. कोणत्या घराने किती रेती धरायची, ते केवट आपसात ठरवायचे.

बाबा 1958 साली वर्ध्याहून भिलाईला आले. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार 2 फेब्रुवारी 1955 चा. पहिली धमनभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 ला सुरू झाली, त्या गर्दीत बाबा होते. आई आणि आजी नंतर आल्या. कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, अंगणात नळ मिळाला. मरोदाच्या तलावातून येणारं ते पाणी आजीला फार कौतुकाचं वाटायचं. पण देवाच्या तांब्यात ते तिने कधी घातलं नाही. तिचं म्हणणं, नळाचं पाणी प्यायला, नदीचं देवाला. बाबा रविवारी सायकलला किटली अडकवून शिवनाथचं पाणी आणायचे. नास्तिक माणूस होता, तरी आणायचा.

आजीची भोजली अशाच एका रविवारी झाली.

भोजली म्हणजे काय ते महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला हवं. श्रावणात छत्तीसगडच्या बायका टोपलीत माती घालून गहू पेरतात, अंधारात ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात. पिवळी नाजूक रोपं वाढतात, तीच भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाया-पोरी गात गात नदीला किंवा तळ्याला जातात आणि भोजली पाण्यात सोडतात. त्यांच्या हिशेबाने तो भादो लागलेला असतो, आपल्या हिशेबाने श्रावण वद्य प्रतिपदा. थोडी रोपं मागे ठेवतात. ती जिच्या कानामागे खोवली, ती जन्माची सखी. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भेटल्या की "सीताराम भोजली" म्हणायचं. जात आड येत नाही, भाषा आड येत नाही. सुखदुःखात सख्ख्या बहिणीसारखं उभं राहायचं असतं.

सेक्टरमध्ये टोपलीतून कलिंदर विकायला येणाऱ्या एका केवटिणीने आजीच्या कानामागे भोजली खोवली. आजी तेव्हा पन्नाशीची, ती चाळिशीची. त्या दिवसापासून ती आमची भोजलीआजी. तिचं खरं नाव मला आजही माहीत नाही. आमच्या घरात ते कुणी उच्चारलंच नाही.

आम्ही तिच्या बाडीत रेतीवर बसायचो आणि ती नदीची गोष्ट सांगायची. शिवनाथ उगवते गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या डोंगरांत, पानाबरसच्या बाजूला, आणि पुढे महानदीला मिळते. भोजलीआजीच्या गोष्टीत तिथे एक गोंड मुलगी होती, सात भावांची एक बहीण. तिच्यासाठी लमसेना ठेवला होता, म्हणजे लग्नाआधी सासऱ्याच्या घरी राबून पोरगी मिळवणारा पोरगा. एका पावसाळ्यात शेताचा बांध काही केल्या टिकेना. भावांनी त्या लमसेन्याला मारून बांधात पुरलं. बहीण शोधत आली, चिखलात त्याचा हात दिसला. तिने बांध उकरला, पाणी फुटलं आणि दोघंही त्या पाण्यात वाहून गेली. तीच नदी. गावागणिक गोष्ट थोडी बदलते; भोजलीआजीची ही अशी.

आजी हे ऐकून गप्प बसायची नाही. ती शिळासप्तमीची कहाणी काढायची. राजाने तळं बांधलं, पाणी लागेना, जलदेवतेने सुनेच्या पोराचा बळी मागितला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गोष्टी पडताळून पाहायच्या, एक मराठीत, एक छत्तीसगढीत, आणि शेवटी एकाच ठिकाणी यायच्या: पाणी अडवायचं म्हणजे कुणाच्या तरी पोराला किंमत मोजावी लागते. लहानपणी मला ती फक्त भीतीची गोष्ट वाटायची. आज ती दोघींनी पाहिलेल्या जगाची सर्वांत नेमकी नोंद वाटते.

मराठी माणूस या मुलखात पोलादाच्या आधीपासून आहे. नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत 1741 मध्ये रतनपुरावर आला. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून राज्य केलं, आणि दसऱ्याला सोनं वाटायची रीत त्यांनीच इकडे रुजवली असं सांगतात. राज्यकर्ते गेले. काही घरं राहिली. त्यांपैकी एक घर धमतरीला, बाबांच्या मामांचं. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो. त्यांच्याकडे दिवाळीत गेलं की रात्री अंगणात कंडेलची गोष्ट ठरलेली. तिच्यात ते स्वतः होते, दहा वर्षांचे.

1920 ची गोष्ट. धमतरीजवळचं कंडेल गाव. सरकारने महानदीवरून कालवा काढला होता आणि गावाने दहा वर्षांचा पाणीकरार करावा असा आग्रह धरला होता. करारात जेवढे पैसे भरायचे, तेवढ्यात गावाचा स्वतःचा तलाव झाला असता. गाव नाही म्हणालं. मग पावसाळ्यात, शेतं आधीच भिजलेली असताना, कालव्याचं पाणी शेतांत आलं आणि गावावर पाणीचोरीचा आळ घेतला गेला. दंड चार हजारांवर रुपये. कुणी भरला नाही. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांनी गाव बांधून ठेवलं. मेघावाल्यांचं नाव आलं की मामाआजोबा आवाज चढवायचे. आपल्या माणसाचा अभिमान असायचा त्यात.

दंडापायी सरकारने गावची जनावरं जप्त केली आणि लिलावाला बाजारात नेली. मामाआजोबा वडिलांचा हात धरून धमतरीच्या बाजारात उभे होते. बैल चांगले होते, भाव स्वस्त होता, आणि बोली लावायला एकही माणूस पुढे आला नाही. जनावरं दुसऱ्या बाजारात नेली, तिथेही नाही. "शिंगांना हात लावायलासुद्धा कोणी गेलं नाही," हे वाक्य ते दरवेळी तसंच म्हणायचे आणि मग बराच वेळ काही बोलायचे नाहीत. डिसेंबरात गांधीजी रायपूर-धमतरीला आले. तोवर सरकारने पाऊल मागे घेतलं होतं. पण मामाआजोबांच्या गोष्टीत गांधी शेवटी एका ओळीत येत. गोष्ट होती न लागलेल्या बोलीची.

आणि मग 1998.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मध्य प्रदेश औद्योगिक केंद्र विकास निगमाने रेडियस वॉटर लिमिटेड या खासगी कंपनीशी करार केला. दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक केंद्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथवर बंधारा, आणि मुदत 22 वर्षं. नदीचा सुमारे 23 किलोमीटरचा पट्टा या व्यवहाराखाली आला. निगमाची आधीची पाणीपुरवठ्याची यंत्रणा नाममात्र एक रुपयात हवाली झाली. रोज 40 लाख लिटर पाण्याचे पैसे निगमाने द्यायचे, ते वापरलं जावो न जावो, दर हजार लिटरला 12 रुपये 60 पैसे. हिशेब मी वहीत करून पाहिला: दिवसाला 50,400 रुपये. बोरईच्या कारखान्यांना तेवढं पाणी लागतच नव्हतं. म्हणजे जे पाणी कुणी उचललंच नाही, त्याचेही पैसे सार्वजनिक तिजोरीतून जात राहायचे. गावांना कुणी विचारलं नव्हतं. गावांना कळलंही नव्हतं.

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ही बातमी नदीकाठी उतरली. नदीत जाळं टाकायला, मोटर लावायला, आंघोळीला मज्जाव होतो अशा तक्रारी मोहलाई, महमरा या बाजूच्या गावांतून येऊ लागल्या. बंधाऱ्याने पाणी फुगलं की रेती बुडते, आणि रेती बुडाली की केवटाची बाडी जाते. त्याच्याकडे कागद नसतो, म्हणून भरपाईच्या यादीत तो नसतोच. शेतकऱ्याचं नुकसान निदान मोजता येतं. केवटाचं नुकसान मोजायला कोणत्याही कचेरीत रकाना नाही. या प्रकरणात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच आहे.

विरोध उभा राहिला. नदी घाटी मोर्चाने तो गावोगाव नेला आणि शिवनाथचं नाव देशभर पोचवलं. छत्तीसगड मुक्ती मोर्चाची माणसं त्यात होती. त्या मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा खून याच भिलाईत 28 सप्टेंबर 1991 ला झाला, त्यामुळे इथल्या मजुराला मोर्चा म्हणजे काय ते शिकवावं लागत नव्हतं. जगातही तेव्हा तेच चाललं होतं. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराने एप्रिल 2000 मध्ये पाण्याचा खासगी करार रस्त्यावर उतरून मोडीत काढला होता.

त्या दिवसांत मी भोजलीआजीला भेटायला गेले. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. भोजलीआजी ऐंशीच्या पुढची, ओसरीत खाटेवर. मी पेपरमध्ये आलेलं वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "नदिया ल घलो बेचथें का?" नदीसुद्धा विकतात का? मी बँकेतली बाई, भाडेपट्टा आणि विक्री यांतला फरक तिला समजावू लागले. तिने हाताने थांबवलं. "ज्याची आहे त्याला विचारलं का?" एवढंच म्हणाली, छत्तीसगढीत, आणि भिंतीकडे वळली. त्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या अस्थी शिवनाथमध्ये सोडल्या. मी काठावर उभी होते, आणि नाव घेण्याची वेळ आली तेव्हा मनात फक्त "सीताराम भोजली" आलं.

सरकारं बदलली, घोषणा झाल्या, करार चालत राहिला. मार्च 2007 मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने आपला अहवाल सभागृहात ठेवला. करार रद्द करा, यंत्रणा परत घ्या, जबाबदार लोकांवर गुन्हे नोंदवा, अशी शिफारस त्यात होती. गावातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायका जे पाच वर्षं ओरडून सांगत होत्या, तेच विधानसभेच्या समितीने शिक्क्यानिशी लिहून दिलं. तरीही नदी त्या आठवड्यात परत आली नाही, त्या वर्षातही नाही. मला यात पक्ष दिसत नाही. करार एका राजवटीत झाला, दुसरीत टिकला, तिसरीत टिकला. सही करणाऱ्या प्रत्येकाने नदीकडे साठा म्हणून पाहिलं: अमुक लाख लिटर, तमुक रुपये. त्यात भोजली कुठे मोजायची? अस्थी कुठे? उन्हाळ्यातली रेती, जिथे सेक्टरमधली पोरं पहिल्यांदा पाण्याला घाबरायची थांबली, ती किती लिटर?

सरकार नदीचं राखणदार आहे, मालक नाही. राखणदाराने पट्ट्याने दिलेली वस्तू ही चोरीला गेलेलीच वस्तू असते, मुदत 22 वर्षांची असो की 22 दिवसांची. कंडेलच्या बाजारात लोकांना हे कळत होतं. जे आपलं सगळ्यांचं आहे त्यावर बोली लावायची नसते, भाव कितीही स्वस्त असला तरी.

वाचणाऱ्याला एवढीच विनंती. तुमच्या गावची नदी, तळं, समुद्रकाठ यांच्याबद्दल सुधारणेचा, सुशोभीकरणाचा, पुरवठ्याचा कोणताही करार झाल्याचं कानावर आलं, तर तो करार मागून घ्या आणि चावडीवर मोठ्याने वाचा, म्हाताऱ्या बायकांना पुढे बसवून. आणि जमलं तर राखीच्या दुसऱ्या दिवशी दुर्गला या. दुपारनंतर बाया डोक्यावर टोपल्या घेऊन शिवनाथकडे निघतात. मीही त्यांच्यात असते, पिवळी रोपं घेऊन.