मुलाचं पोट दुखतंय: बद्धकोष्ठता की अपेंडिक्स?

मूल 'पोट दुखतंय' म्हणालं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'शी झाली का?' प्रश्न बरोबरच आहे, कारण मुलांच्या पोटदुखीचं बद्धकोष्ठता हे अगदी नेहमीचं कारण आहे. पण उत्तर 'नाही' आलं की लगेच एरंडेल किंवा जुलाबाचं औषध दिलं जातं. दुखणं अपेंडिक्सचं असेल, तर यात महत्त्वाचे तास वाया जातात.

बद्धकोष्ठतेचं दुखणं कसं असतं?

आठवड्यातून २ किंवा त्याहून कमी वेळा शी होते, ती कडक असते आणि करताना दुखतं. पोटात कळ येते, जाते आणि शी झाल्यावर आराम पडतो. मधल्या वेळात मूल खेळतं. सहसा ताप नसतो.

एकदा दुखलं की मूल भीतीने शी रोखून धरतं आणि ती आणखी कडक होते. शाळेतलं अस्वच्छ शौचालय हेही रोखून धरण्याचं एक कारण असतं. कधी साठलेल्या कडक शीच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते. घरच्यांना ते जुलाब वाटतात.

अपेंडिक्सचं दुखणं वेगळं कसं?

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेली बोटासारखी बारीक नळी. तिचं तोंड मळाच्या खड्याने किंवा आतल्या सुजेने बंद झालं की जंतू वाढतात. यालाच अपेंडिसायटिस म्हणतात.

दुखणं बऱ्याचदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे, खालच्या बाजूला सरकतं. ते वाढतच जातं. भूक मरते, उलटी होते, ताप येतो. मूल वाकून चालतं. खोकताना, उडी मारताना किंवा रिक्षा खड्ड्यात आदळली की कळ येते.

५ वर्षांखालील मुलांना कुठे दुखतंय हे नीट सांगता येत नाही. त्यामुळे त्यांच्यात निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं असण्याचं प्रमाण जास्त असतं.

शी झाली म्हणजे धोका टळला का?

नाही. अपेंडिसायटिसमध्ये शी होऊ शकते, जुलाबही होऊ शकतात. खूप दुखत असताना अचानक बरं वाटलं तरी गाफील राहू नका. अपेंडिक्स फुटल्यावर दाब कमी होऊन थोडा वेळ आराम पडू शकतो. नंतर संसर्ग पोटभर पसरतो.

काय करावं?

दुखणं काही तास सतत वाढत असेल, सोबत ताप किंवा उलटी असेल, पोट कडक लागत असेल, उलटी हिरवी असेल किंवा शीतून रक्त जात असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. एरंडेल, जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नका. शस्त्रक्रिया करावी लागू शकते, म्हणून डॉक्टर तपासेपर्यंत खायला देऊ नका. तपासणी, रक्तचाचणी आणि सोनोग्राफीवरून बहुतेकदा निदान होतं. उपचार म्हणून सहसा दुर्बिणीतून अपेंडिक्स काढतात. काही निवडक मुलांना आधी अँटिबायोटिक देऊन पाहतात.

बद्धकोष्ठताच निघाली, तर बालरोगतज्ज्ञांनी दिलेलं औषध मध्येच बंद करू नका. ते काही महिने लागू शकतं. रोज जेवणानंतर ५ ते १० मिनिटं मुलाला शीला बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. आणि शी झाली नाही म्हणून रागावू नका, कारण धाकाने मूल ती आणखीच रोखतं.