समलैंगिक अस्मिता व मानसिक स्वास्थ्य
पुरुषाला पुरुषांविषयी किंवा स्त्री-पुरुष दोहोंविषयी वाटणाऱ्या आकर्षणाची जाणीव होऊन तिचा स्वतःच्या व्यक्तित्वात स्वीकार होणे, या प्रक्रियेस समलैंगिक वा उभयलैंगिक अस्मितेचा विकास म्हणतात. महाराष्ट्रात हा विषय प्रथम वाचकांच्या शंकांतून पुढे आला. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या समाजस्वास्थ्य मासिकात हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यांवरून १९३४ मध्ये मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. तथापि कर्व्यांना दंड झाला.

त्या काळी समलैंगिकता ही विकृती मानली जाई. एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात समलैंगिक व इतर पुरुषांच्या मानसिक समायोजनात फरक आढळला नाही. पुढे अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये व जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून वगळली.

व्हिव्हियन कॅस यांनी १९७९ मध्ये या विकासाच्या संभ्रम, तुलना, सहिष्णुता, स्वीकार, अभिमान व समन्वय अशा सहा अवस्था सांगितल्या. मात्र हा क्रम सर्वांना सारखा लागू पडत नाही. उभयलैंगिक पुरुषांची जाणीव कालांतराने बदलू शकते. शिवाय आपल्याकडे विवाहाचा कौटुंबिक आग्रह स्वीकाराच्या मार्गात येतो. अशा व्यक्तींत आढळणारे नैराश्य, चिंता व आत्महत्येचे विचार हे त्यांच्या आकर्षणाचे फळ नसून तिरस्कार, भीती व सततची लपवाछपवी यांतून उद्भवतात, असे इलन मायर यांच्या ‘अल्पसंख्याक-ताण’ उपपत्तीत (२००३) प्रतिपादिले आहे.

मुंबईत हमसफर ट्रस्ट (१९९४) व पुण्यात समपथिक ट्रस्ट (२००२) या संस्थांनी समुपदेशन व आरोग्यसेवेचे कार्य आरंभिले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये लैंगिक कलावरून सेवेत भेदभाव करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. कल ‘बदलण्याचा’ कथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

तथापि कायद्यातील बदलाने कुटुंबातील मौन आपोआप संपत नाही. मेळघाटातील धारणीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे सर्व एकमेकांस ओळखतात, तेथे गोपनीयता पाळणारा व दोष न देणारा वैद्य किंवा शिक्षक हाच पहिला आधार ठरू शकतो. कर्व्यांच्या वाचकांना हवी होती ती शास्त्रीय माहिती. तिची गरज आजही तेवढीच आहे.