संस्कृत की फारसी? मॅट्रिकच्या एका विषयाची गोष्ट

निकालाचे दिवस आले की घरोघरी एकच प्रश्न घुमतो: "पुढे विषय कोणते घेणार?" आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. मात्र त्यातील बराच काळ तो सर्वांना विचारला जात नव्हता.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक झालेल्या एका विद्यार्थ्यास संस्कृत शिकण्याची मोठी ओढ होती. त्याच्या आधी त्याच्या थोरल्या भावाने संस्कृतच्या वर्गात बसू द्यावे म्हणून विनंती केली होती. अस्पृश्य मुलास आपण संस्कृत शिकविणार नाही, असे शिक्षकांनी स्पष्ट सांगितले. धाकट्याच्या वाट्यासही तेच उत्तर आले आणि त्याला फारसी घ्यावी लागली. थोरल्याचे नाव आनंदराव, धाकट्याचे भीमराव. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रातील हा प्रसंग आपण अनेकदा वाचलेला असतो आणि बहुधा एका वाक्यात ओलांडून पुढे गेलेले असतो. त्या एका वाक्यामागे एक संपूर्ण परीक्षापद्धती उभी आहे. ती समजून घेतल्यावाचून त्या नकाराचे वजन कळत नाही.

त्यासाठी पन्नास वर्षे मागे जाऊ.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा जन्म १८ जुलै १८५७ चा. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असतानाचा. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठ स्वतः काही शिकवीत नसे, ते केवळ परीक्षा घेई. शिकवणे हे शाळा-कॉलेजांचे काम. विद्यापीठाचे काम दारात उभे राहून कोणास आत सोडायचे ते ठरविण्याचे. त्या दाराचे नाव मॅट्रिक्युलेशन. आज आपण अकरावी-बारावी, पीयूसी किंवा प्रवेशपरीक्षा म्हणून जे ओळखतो, त्या सर्वांचे हे मूळ.

मुंबईची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. शंभराहून अधिक मुले बसली. उत्तीर्ण झालेल्यांची संख्या पंचविसापर्यंतही पोहोचली नाही. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८६२ साली पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत चौघेच होते: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. एवढ्या मोठ्या मुंबई इलाख्यात चार!

या परीक्षेत इंग्रजी अनिवार्य, गणित अनिवार्य. अंकगणित व बीजगणित होतेच, शिवाय युक्लिडची प्रमेये. इतिहास-भूगोल होता. एका विषयात घसरले की सारी परीक्षा बुडे. आपल्या भाषेत "मॅट्रिक फेल" आणि "नॉन-मॅट्रिक" हे शब्द मुरले ते याच कडकपणामुळे. या साऱ्यात विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने निवड करता येई अशी जागा एकच होती: दुसरी भाषा.

आरंभीच्या काही वर्षांत मराठी-गुजरातीसारख्या देशी भाषांना विद्यापीठात स्थान होते. १८६० च्या दशकात वारे फिरले. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले सर अलेक्झांडर ग्रँट हे ऑक्सफर्डच्या संस्कारात वाढलेले, अॅरिस्टॉटलचे अभ्यासक. उच्च शिक्षणाचा पाया अभिजात भाषांवर असावा, हे त्यांचे व त्यांच्यासारख्या मंडळींचे मत प्रभावी ठरले. देशी भाषांत अद्याप अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही, अशी त्यामागची भूमिका. (ज्ञानेश्वरी होऊन तेव्हा सुमारे पावणेसहाशे वर्षे लोटली होती, हे येथे नमूद करावेसे वाटते.) पदवीच्या परीक्षांतून मराठी बाहेर पडली. कॉलेजात अभिजात भाषा लागणार, म्हणजे हायस्कुलातच संस्कृत, फारसी, लॅटिन यांपैकी एखादी धरणे आले. तेराचौदा वर्षांच्या मुलाने घेतलेला हा निर्णय पदवीपर्यंत त्याच्यासोबत चाले.

मराठी मुलांचा ओढा संस्कृतकडे वळला. त्याला भक्कम कारणेही होती. भांडारकरांनी शाळकरी मुलांसाठी संस्कृतची पहिली व दुसरी पुस्तके लिहिली. 'मार्गोपदेशिका' हे पहिल्याचे नाव आजही जुन्या घरांतील फडताळांत सापडेल. पाठशाळेत बारा वर्षे घोकण्याचे व्याकरण त्यांनी धड्याधड्यांत बसविले. गंमत अशी, की भांडारकरांनी स्वतः संस्कृतचा पद्धतशीर अभ्यास मनावर घेतला तो मॅट्रिकनंतर, कॉलेजात फेलो असताना. ज्यांच्या पुस्तकांवर पिढ्यान्‌पिढ्या मॅट्रिकची तयारी करीत आल्या, त्यांचा विषय मॅट्रिकच्या वेळी ठरलेला नव्हता.

दुसरे कारण पैशाचे व मानाचे. नाना शंकरशेट १८६५ साली निवर्तले. त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात सर्वोत्कृष्ट ठरणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती देण्यात येऊ लागली. ती मिळविणे म्हणजे घराण्याची कीर्ती आणि शाळेची जाहिरात. हुशार मुलाने संस्कृतच घ्यावे, हा समज रूढ होण्यास आणखी काय हवे?

आता तयारीविषयी थोडे, कारण या धाग्याच्या वाचकांत परीक्षार्थी पुष्कळ आहेत. रानड्यांनी विद्यार्थिदशेत एवढे वाचन केले की डोळे कायमचे अधू झाले. याच्या अगदी उलट टिळक. १८७२ साली मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले आणि प्रकृती किरकोळ आहे असे दिसताच पहिले वर्ष त्यांनी तालमीला, पोहण्याला दिले. अभ्यास मागे पडला, ते वर्ष गेले. पुढे गणित घेऊन ते बी.ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. एम.ए.लाही गणितच घेतले, पण तेथे यश आले नाही. मग ते कायद्याकडे वळले. म्हणजे हिशेबाच्या वहीत पाहिले तर एक वर्ष वाया, एक परीक्षा नापास. तरी १८९३ साली त्यांचा 'ओरायन' प्रसिद्ध झाला, तेव्हा वेदांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी नक्षत्रांचे गणित मांडले होते. संस्कृत आणि गणित या दोन्हींत मुरलेल्या माणसालाच तो ग्रंथ सुचू शकत होता. माझ्या मते विषयांच्या जोडणीचे एवढे विलक्षण फळ एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्वत्तेत क्वचितच दिसते. मग त्यातील निष्कर्षांविषयी आज कोणी काहीही म्हणो.

मराठीचे काय झाले? विद्यापीठात तिला परत आणण्यासाठी रानड्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. १९०१ च्या आरंभी एम.ए.च्या परीक्षेत तिला स्थान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आणि त्याच जानेवारीच्या १६ तारखेस रानडे गेले. दार उघडले ते वरच्या मजल्याचे. तळमजल्यावरच्या मुलांपुढे प्रश्न तोच राहिला: संस्कृत की फारसी?

आणि येथे आपण पुन्हा परळच्या चाळीत येतो.

रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. तेथील लष्करी शाळेत त्यांनी शिकविलेले. मुलाची तयारी त्यांनी स्वतः करून घेतली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांवर मुलाचे इंग्रजी घोटून घेतले. चाळीतली खोली एक, माणसे पुष्कळ. मुलाने संध्याकाळी लवकर झोपावे आणि वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागून त्याला उठवावे, मग स्वतः आडवे व्हावे, अशी व्यवस्था ठरली. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी आणि मिणमिणता दिवा. पुस्तकांचा हट्ट पुरविण्यासाठी रामजी लग्न झालेल्या मुलींकडून पैसे उसने आणीत. प्रसंगी त्यांचा दागिना गहाण पडे.

शाळा सरकारी होती. वर्गात एकदा शिक्षकांनी भीमरावास फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले, तेव्हा मुलांची धावपळ उडाली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते आणि याच्या सावलीने ते बाटतील, ही भीती. युक्लिडची प्रमेये सर्वांना सारखी होती, पण फळ्यापर्यंतची वाट सारखी नव्हती.

मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांच्या बाजारात हा आकडा ऐकून कोणी नाक मुरडील. त्या काळच्या त्या समाजात ती एवढी मोठी घटना होती की सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचीत बसणारा हा मुलगा केळुसकरांनी आधीच हेरलेला होता. अभ्यासक्रमाबाहेरचे हे एक पुस्तक! १९५६ पर्यंतचा प्रवास ठाऊक असलेल्यांना त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

याच परीक्षेचा दुसरा एक विद्यार्थी शेजारी ठेवून पाहू. १९१२ साली, म्हणजे अवघ्या पाच वर्षांनी, चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. सर्वांनी गृहीत धरले असेल की आता हा संस्कृतचा पंडित होणार. देशमुख केंब्रिजला गेले आणि त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र घेतले. वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही मिळविले. मग आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री. बँकेच्या हिशेबात वनस्पतिशास्त्र कोठे उपयोगी पडले असेल कोण जाणे. संस्कृत मात्र सुटले नाही. कालिदासाचे 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणले. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. नेमक्या याच सुमारास अनेक विद्यापीठांत जुने दोन वर्षांचे इंटर मोडून एक वर्षाचा प्री-युनिव्हर्सिटी अभ्यासक्रम आणि तीन वर्षांची पदवी ही रचना रुजू लागली. कर्नाटकातील आपल्या वाचकांच्या तोंडी असलेला पीयूसी हा शब्द त्या रचनेचा वारस.

देशमुखांना संस्कृत घेता आले, सोडता आले, पुन्हा हौसेने जवळ करता आले. विषय चुकला असता तरी दुसरा होताच. निवड म्हणतात ती ही.

आंबेडकरांना अशी निवड प्रथम लाभली ती मुंबईपासून हजारो मैलांवर. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील नोंदींनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा ती मला एखाद्या भुकेलेल्या माणसाच्या ताटासारखी वाटली. कोणत्याही वर्गाच्या दारात कोणी जात विचारीत नव्हते.

शाळेत हुकलेले संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने जवळ केले. फारसीही वाया गेली नव्हती. तीत ते चांगले गुण मिळवीत. पण स्वतःच्या समाजाला हजारो वर्षे ज्या ग्रंथांच्या आधारे दूर ठेवले गेले, ते ग्रंथ ज्या भाषेत होते ती भाषा नेमक्या वयात शिकता आली नाही, ही खंत त्यांच्या आठवणींतून डोकावते.

१९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत त्यांनी एका संभाव्य आक्षेपाला आधीच उत्तर दिले आहे: संस्कृतचा पंडित नसताना या विषयात हात घालण्याचा अधिकार तुम्हास कोणी दिला? आपण संस्कृतावर प्रभुत्व सांगत नाही, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. पण या विषयाचे बहुतेक वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध आहे आणि आपण पंधरा वर्षे ते अभ्यासले आहे, असे ते पुढे नोंदवितात. शाळेतल्या त्या नकाराला तोवर चाळीस वर्षे होत आली होती.