सात, चौदा, पंधरा, वीस... आणि शेवटी दहा

मंडळी, कधी इतवारीच्या किराणा ओळीतून चक्कर मारा. मसाला, पापड, अगरबत्ती... प्रत्येक पुड्यावर कुठलीतरी छाप असते. कुठे देव, कुठे हत्ती, कुठे मालकाच्या वडिलांचा फोटो. आणि खाली बारीक अक्षरात 'रजिस्टर्ड ट्रेडमार्क'. आता हे रजिस्टर्ड किती वर्षांसाठी?

पेटंट २० वर्षांनी संपतं, म्हणजे संपतंच. ट्रेडमार्कचं तसं नाही. दर मुदतीला फी भरा, नूतनीकरण करा, की पुढे चालू. बास बिअरचा लाल त्रिकोण हा ब्रिटनचा पहिला नोंदलेला मार्क, १८७६ चा. तो अजून रजिस्टरवर आहे!

पण ही मुदत जिथेतिथे वेगळी होती. समजा, एकच मार्क १९७० साली चार देशांत नोंदला. आपल्याकडे १९५८ चा कायदा, मुदत ७ वर्षं. म्हणजे १९७७, ८४, ९१, ९८, २००५. मग १५ सप्टेंबर २००३ ला लागू झालेल्या नव्या कायद्यामुळे १० वर्षं, म्हणून २०१५ आणि २०२५. एकूण सात वेळा नूतनीकरण. ब्रिटनमध्ये आधी ७, मग १४-१४ आणि १९९४ च्या कायद्यानंतर १०, म्हणजे पाच वेळा. अमेरिकेत २० वर्षं, १९८९ पासून १०, म्हणजे चार वेळा. कॅनडात तर १५-१५ वर्षं, २०१९ मध्ये १० झाली. तिथे फक्त तीन वेळा!

सगळे दहावरच का आले? १९९४ च्या ट्रिप्स कराराने किमान ७ वर्षं सांगितली, त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय करारात १० ठरली. दोन्ही बाजूंना तोटे आहेतच. मुदत लांब ठेवली तर बंद पडलेल्या धंद्यांचे मार्क रजिस्टरवर पडून राहतात आणि नव्या माणसाची वाट अडते. म्हणून अमेरिका पाचव्या-सहाव्या वर्षी 'मार्क वापरतोय' असं शपथेवर लिहून मागते. मुदत छोटी ठेवली तर छोट्या दुकानदाराच्या मागे कागद लागतात, आणि नागपूरकराची नोंदणी तर मुंबईच्या ऑफिसात.

घरच्या धंद्यात खरी गोची इथेच होते. आजोबांनी नोंदवलेलं असतं, वाटण्या होतात, फाइल नेमकी कोणाकडे गेली ते कोणालाच ठाऊक नसतं. मुदत संपल्यावर ६ महिने जादा फी भरून सुटता येतं. त्यापुढचे ६ महिने मार्क पुन्हा रजिस्टरवर घ्या म्हणून अर्ज करता येतो. त्यानंतर मात्र सगळं पहिल्यापासून.

अजून एक. अमेरिकेत १० वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून. सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत काही वर्षं गेली असतील, तर तेवढी मुदत आधीच संपलेली असते. तेव्हा घरात असा एखादा मार्क असेल, तर या रविवारी कपाट उघडा आणि अर्जाची तारीख बघून घ्या.