मृत्युपत्राविना वाडा : मराठी रहस्यकथेच्या इतिहासातील एक रिकामी जागा

इंग्रजी रहस्यकादंबरीच्या इतिहासात जमीनदारी हवेलीत घडणाऱ्या खुनाला एका स्वतंत्र आकृतिबंधाचे स्थान आहे. मर्यादित पात्रे, बाहेरच्या जगापासून तुटलेली वास्तू, एक मृतदेह, आणि त्या मृत्यूने ज्यांचा लाभ होणार आहे अशी चारपाच माणसे एकाच छपराखाली, ही त्याची संरचना. मराठीत वाडा आहे, गढी आहे, भाऊबंदकी तर विपुल आहे. तरीही वाड्यातील खुनाची कादंबरी हा प्रकार आपल्याकडे रुजला नाही. आपल्या समीक्षेने याची दखल घेतली तीही बहुधा उणीव म्हणून. तर्कनिष्ठ दृष्टीचा अभाव, अनुकरणाची अपुरी तयारी अशी कारणे सांगून. ही कारणे मला अपुरी वाटतात. या आकृतिबंधाचे मूळ तर्कशास्त्रापेक्षा वारसाहक्काच्या कायद्यात अधिक शोधले पाहिजे, असे मला वाटते.

अगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' (१९२०) पाहावी. स्टाइल्सची मालकीण वृद्धापकाळी दुसरे लग्न करते. इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्नाने आधीचे मृत्युपत्र रद्द होते. म्हणून नवे करणे आले. एका दुपारी बागेतील दोन माळ्यांना आत बोलावून त्यांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या जातात. पुढे ऐन उन्हाळ्यात शेगडी पेटवून तेच मृत्युपत्र जाळले जाते, आणि राखेतील तुकडा प्वारोच्या हाती लागतो. ही केवळ कथानकाची युक्ती नव्हे. मालकाला आपली मिळकत कोणालाही देण्याचे वा कोणालाही नाकारण्याचे स्वातंत्र्य असते, आणि ते त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत टिकते. म्हणून मृत्यूची वेळ महत्त्वाची ठरते. मृत्युपत्र कालचे की आजचे, यावर संशयाची दिशा बदलते. ज्या घरात मृत्यूच्या आधीच सर्वांचे हक्क ठरलेले आहेत, तेथे हे घड्याळ चालणारच नाही.

आपल्याकडचे घर नेमके तसे होते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी येथे, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६-११२६) लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून ते दूर नाही. आपल्या वाड्यांचा कायदा असा जवळपास शेजारच्या गावी सिद्ध झाला, याचे भान मराठवाड्यातील साहित्यविचारात फारसे आढळत नाही. मिताक्षरेचा सिद्धांत जन्मस्वत्वाचा आहे : पुत्राचा वडिलोपार्जित मिळकतीवर हक्क जन्मतःच निर्माण होतो. बाप तो मृत्युपत्राने काढून घेऊ शकत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या (१९५६) ३०व्या कलमाने सहदायादाला आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करण्याची मुभा दिली, तोवर स्थिती मूलतः हीच होती. याउलट बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग चाले. तेथे उपरमस्वत्व, म्हणजे बाप मेल्यावरच पुत्राचा हक्क. जिवंतपणी बाप पूर्ण मालक, आणि मृत्युपत्र करण्यास मोकळा. आता शरदिंदु बंद्योपाध्याय यांची ब्योमकेशकथा 'अर्थमनर्थम्' आठवावी. एक चिडखोर वृद्ध, वारंवार बदलले जाणारे मृत्युपत्र, घरात पोसलेले भाचे आणि एका सकाळी आढळलेले प्रेत. इंग्रजी हवेलीचा साचा बंगाली घरात बसवताना शरदिंदूंना फारशी ओढाताण करावी लागली नाही. हा योगायोग मानणे मला कठीण जाते.

मिताक्षरेच्या घरात खुनाला हेतूच नसतो असे मात्र नाही. एक सहदायाद गेला की उरलेल्यांचा वाटा वाढतो. परंतु तो वाढतो उघडपणे, नात्याच्या क्रमाने. लाभार्थी कोण हे गावाला आधीच ठाऊक असते. मराठी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वाड्यातला खून, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणरावांचा, याच जातीचा आहे. मारेकरी गारदी, हे कोणालाच अज्ञात नव्हते. आख्यायिकेने रहस्य ठेवले ते एका अक्षरात : 'ध'चा 'मा' कोणी केला? आणि त्या खुनाचे खरे उत्तर आले ते वारसाच्या जन्मात, १७७४च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर. खाडिलकरांनी या घटनेवर नाटक लिहिले तेव्हा त्याला 'भाऊबंदकी' हेच नाव शोभले.

यावरून पुढचे पाऊल टाकता येते. आपल्या वाड्यातील गूढ 'कोणी मारले' यात नसून 'वारस कोण' यात आहे. त्याची संहिता म्हणून ताईमहाराज प्रकरण वाचावे असे मी सुचवतो. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. पुत्र नसल्याने मृत्युपत्र करण्यास ते मोकळे होते. त्यांनी टिळक, खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. मरणोत्तर जन्मलेला मुलगा अल्पावधीत गेला आणि दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. जून १९०१ मध्ये टिळक व खापर्डे तरुण विधवा ताईमहाराजांना घेऊन औरंगाबादेस, म्हणजे निजामाच्या मुलखात, गेले आणि निधोन्याच्या पंडित शाखेतील जगन्नाथ याचे दत्तविधान तेथे झाले. निदान टिळकपक्ष तसे सांगत होता. ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले, आणि औरंगाबादेत दत्तविधान झालेच नाही, ही भूमिका पुढे आली.

येथे हवेलीच्या कादंबरीचे सारे घटक जमतात. बंद वास्तू, मोजकी माणसे, एक दिवस. त्या दिवशी तेथे काय घडले यावर परस्परविरुद्ध साक्षी, पत्रे, टिपणे, सह्या. फक्त प्रेत नाही. आहे तो मांडीवर बसवलेला, किंवा न बसवलेला, एक मुलगा. सत्य सांगणाऱ्यावरच खोट्या साक्षीचा खटला व्हावा, ही कलाटणी तर कादंबरीकाराला सुचली नसती. टिळकांना खालच्या न्यायालयांत झालेली शिक्षा १९०४ साली उच्च न्यायालयात रद्द झाली. दिवाणी दाव्यात मात्र ते मंडालेत असताना उच्च न्यायालयाने निकाल विरुद्ध दिला, आणि अखेर मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तक ग्राह्य धरले. साक्षीदाराविरुद्ध कागद वापरायचा तर तो त्याच्यापुढे ठेवून खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात आले आणि साक्षीपुराव्याच्या कायद्यात ते आजही उद्धृत होते. पोवारोही शेवटच्या प्रकरणात दिवाणखान्यात तेच करतो. मात्र ज्या स्त्रीच्या एकमेव अधिकारावर, दत्तक घेण्याच्या, ही चौदा वर्षे उभी राहिली, तिचा आवाज आपल्या चरित्रग्रंथांत प्रायः वकिलांच्या तोंडून ऐकू येतो. टिळकचरित्राचा एक अध्याय म्हणून हे प्रकरण इतके वाचले गेले, की ताईमहाराजांची गोष्ट म्हणून ते वाचायचे राहूनच गेले.

नांदेड-लातूरकडील गढ्यांच्या बाबतीत आणखी एक पदर येतो. जहागीर व इनाम ही मुळात दरबाराची देणगी. धारक मेला की वारसाची चौकशी सरकारदप्तरी व्हायची. १९४९ साली जहागिरी संपल्या, तरी १९५२चा हैदराबाद अतियात चौकशी अधिनियम अशाच दाव्यांसाठी करावा लागला. गढीचे गूढ असे दिवाणखान्यातून दप्तरखान्यात गेलेले होते.

कायद्यानेच सारे ठरते, असे अर्थात म्हणता येणार नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड मुंबईच्या गर्दीत, वेषांतरात, पाठलागात रमले. त्यांच्या वाचकाला वेग हवा होता, आणि पुस्तकाची किंमत व लांबी यांचेही काही म्हणणे होते. पण गंभीर साहित्याकडे वळले तरी तोच अनुभव येतो. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) कर्त्याचा मृत्यू आहे, मुंबईहून आलेला भाऊ आहे, पिढीजात दागिने आहेत, आणि ते एका रात्री नाहीसेही होतात. कोणी नेले हे लगेच कळते. नाटककाराला त्याचे कुतूहलच नाही; अंगणातल्या गंजणाऱ्या ट्रॅक्टरकडे त्याचे अधिक लक्ष आहे.

महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला जन्मतः सहदायाद केले. विज्ञानेश्वराच्या घरात एक नवे पात्र आले. तेव्हापासून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदली जात आहेत. त्या दस्तावर स्टाइल्सच्या माळ्यांसारख्याच दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. बहिणीला त्या सकाळी कोणी आणले, घरातून निघताना तिला काय सांगितले गेले, हे दस्तात नसते. आणि अजून मराठी कादंबरीतही ते पुरेसे आलेले नाही.